त्यांना कुणी विचारलंच नाही : जीजा घोष प्रकरणाचा अभ्यास

१९ फेब्रुवारी २०१२, रविवारची सकाळ. कोलकात्याहून गोव्याला निघालेल्या स्पाइसजेटच्या विमानात जीजा घोष आपल्या जागेवर बसल्या होत्या. चेक-इन, सुरक्षा तपासणी, बोर्डिंग, सगळं रीतसर झालेलं. विमानातले कर्मचारी जवळ आले, त्यांनी बोर्डिंग पास मागितला. जीजांनी काढून दिला. मग त्यांना हुकूम झाला : उतरा.

त्या रडल्या, विनवण्या केल्या, गोव्यात परिषद आहे, पोचणं भाग आहे, असं सांगत राहिल्या. कुणी ऐकून घेतलं नाही. आपल्या अपंगत्वामुळे कॅप्टननेच उतरवण्याचा हट्ट धरला होता, हे त्यांना नंतर कळलं. त्या धक्क्याने झोप उडाली, अन्न जाईना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्यावं लागलं, औषधं सुरू झाली. त्यामुळे २० तारखेलाही निघता आलं नाही आणि परिषद हुकली ती हुकलीच.

या घटनेवरून सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका दाखल झाली, २०१२ ची, क्रमांक ९८. निकाल लागला १२ मे २०१६ रोजी. न्या. ए. के. सिक्री आणि न्या. आर. के. अग्रवाल यांच्या खंडपीठाने कंपनीला १० लाख रुपये भरपाई दोन महिन्यांत द्यायला सांगितली. बातम्यांमध्ये हाच आकडा गाजला. पण स्वतःच्या हक्कासाठी स्वतः उभं राहणं, ज्याला चळवळीतले लोक सेल्फ-अ‍ॅडव्होकसी म्हणतात, ते कुठे चालतं आणि कुठे थिटं पडतं हे पाहायचं असेल, तर या प्रकरणातला बाकीचा मजकूर त्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त कामाचा आहे.

प्रवासी कोण होत्या

जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे. यात मेंदूचा स्नायूंवरचा ताबा बिघडलेला असतो. चाल अडखळते, हात आपोआप हलतात, शब्द जड येतात, काहींची लाळ गळते. कुणात यातलं एखादंच दिसतं, कुणात सगळंच. बुद्धीवर परिणाम झालेला असेलच असं मुळीच नाही, पण पाहणारा माणूस चेहऱ्यावरून आणि उच्चारांवरून तो निष्कर्ष काढून मोकळा होतो.

जीजांचं शिक्षण असं : कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात समाजशास्त्र, दिल्ली विद्यापीठातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, आणि मग इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातून डिसेबिलिटी स्टडीज या विषयातली आणखी एक. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता यांसारखं अपंगत्व असलेल्यांसाठी केंद्र सरकारने काढलेल्या नॅशनल ट्रस्टच्या मंडळावर त्या सदस्य होत्या. अपंगांच्या हक्कांवर बोलणं हेच त्यांचं काम.

गोव्यात त्या निघाल्या होत्या तेही याच कामासाठी. ‘अडॅप्ट’ ही मुंबईची संस्था. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ती हीच, नाव पुढे बदललं. या संस्थेने १९ ते २३ फेब्रुवारीला गोव्यात ‘नॉर्थ साउथ डायलॉग’ ही चौथी आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती. जीजांचं जाण्या-येण्याचं तिकीटही संस्थेनेच काढलेलं. उद्घाटन १९ तारखेच्या रात्री होतं, म्हणून सकाळचं विमान घेतलं, की पोचून थोडा आराम करता येईल.  एका भारतीय प्रकल्पाचा आढावा घेऊन त्याचं विश्लेषण जीजा तिथे मांडणार होत्या.

म्हणजे अपंग प्रवाशाचे हक्क काय, हे त्या विमानात सर्वांत जास्त माहीत असलेली व्यक्ती बहुधा तीच होती, जिला उतरवलं गेलं.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अपंग मुलामुलींसाठी, तरुणांसाठी जी शिबिरं होतात त्यात बहुतेक वेळ ‘न घाबरता बोला’, ‘डोळ्याला डोळा भिडवून बोला’, ‘आत्मविश्वास ठेवा’ यातच जातो. ते चांगलंच आहे. पण जीजांकडे आत्मविश्वासाचा तुटवडा नव्हता. शब्दांचाही नव्हता, कायद्याच्या ज्ञानाचाही नव्हता. तरी त्या दिवशी त्यांचं बोलणं निष्फळ ठरलं, कारण समोरच्यावर ते ऐकून घेण्याचं बंधन आहे असं त्याला वाटतच नव्हतं. शिबिरात जो अर्धा भाग शिकवायचा राहतो तो हा.

सांगितलं तर पंचाईत, नाही सांगितलं तर ठपका

बंधन कागदावर नव्हतं असं नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, १ मे २००८ रोजी अपंग आणि हालचालीवर मर्यादा असलेल्या प्रवाशांसाठी नियमावली काढली होती. विमानाचे १९३७ चे जे नियम आहेत, त्यातल्या १३३-अ या नियमामुळे डीजीसीएचे असे आदेश कंपन्यांवर बंधनकारक ठरतात. त्या नियमावलीत स्वच्छ म्हटलं होतं की कुठलीही विमान कंपनी अपंग प्रवाशाला, त्याच्या कुबड्या-व्हीलचेअरसारख्या साधनांना, सोबतच्या माणसाला किंवा मार्गदर्शक कुत्र्याला नाकारणार नाही. ज्याला फक्त चढाय-उतरायला मदत लागते त्याच्याकडे वैद्यकीय दाखला मागायचा नाही, असंही होतं.

पण नकार न देण्याच्या त्या वाक्याला एक शेपूट होतं. प्रवाशाने तिकीट काढताना किंवा चेक-इनच्या वेळी आपली गरज कंपनीला कळवलेली असावी.

कंपनीने नेमकं हेच शेपूट धरलं. प्रवाशाने आपल्या अपंगत्वाची कल्पनाच दिली नव्हती, काउंटरवर मागितली ती फक्त सामानासाठी मदत, असा त्यांचा बचाव होता. वरवर पाहिलं तर बरोबर वाटतं. आता स्वतःला त्या काउंटरसमोर उभं करून पाहा. ज्याला सामान उचलायला मदत हवी आहे तो सामानाचीच मदत मागणार. माझा जन्म असा झाला, माझे हात असे हलतात, माझं बोलणं असं येतं, हे कशासाठी सांगायचं? आणि ते समोर दिसतच असतं. सांगायला जावं तर ‘सोबत कोण आहे?’, ‘फिटनेस सर्टिफिकेट आणलंय का?’, ‘या फॉर्मवर सही करा’ हे सुरू होण्याची भीती असते, नियमात त्यांना बंदी असली तरी. अपंग माणसाच्या रोजच्या जगण्यातला हा पेच आहे. नोकरीच्या अर्जात, घर भाड्याने घेताना, एस.टी.च्या सवलतीच्या जागेवर बसतानासुद्धा तो भेटतो : आधी सांगावं की नाही, आणि सांगितलं तर किती.

नियमातली ‘गरज कळवा’ ही अट खरी कशासाठी? कंपनीला व्हीलचेअर, रॅम्प, माणूस यांची तजवीज आधी करता यावी म्हणून. मदत देणं सोपं जावं यासाठीची ती तरतूद. तिचा अर्थ ‘कळवलं नाही म्हणून उतरवता येतं’ असा लावणं म्हणजे पासधारकाने पास खिशातून काढायला उशीर केला म्हणून त्याला चालत्या गाडीतून उतरवण्यासारखं आहे.

फेस, रक्त आणि न विचारलेला प्रश्न

कंपनीचा दुसरा मुद्दा जास्त गंभीर होता. प्रवासी बाईंच्या तोंडाच्या कडेला रक्त आणि फेस दिसला, म्हणून उड्डाणादरम्यान त्यांच्या जिवाला धोका होईल असं वाटलं, असं कंपनीने मांडलं. विमानातल्या प्रवाशांच्या सुरक्षेची अंतिम जबाबदारी वैमानिकावर असते, त्याला त्यासाठी अधिकार आहेत, हे कुणीच नाकारत नाही. तीस हजार फुटांवर कुणाला झटका आला तर गाडी बाजूला घेता येत नाही.

जीजांनी ही गोष्ट ठामपणे नाकारली. आता प्रश्न असा, की चार वर्षांनंतर न्यायालयाने कुणावर विश्वास ठेवायचा? एका बाजूला विमानाचे कर्मचारी, दुसऱ्या बाजूला एकटी प्रवासी. फोटो नाही, वैद्यकीय नोंद नाही. अशा जागी बहुतेक तक्रारी बुडतात. शब्दाविरुद्ध शब्द होतो आणि ज्याच्या अंगावर गणवेश आहे त्याचा शब्द जड ठरतो.

न्यायालयाने तो तिढा सोडवायला घेतलाच नाही, आणि माझ्या मते निकालाची सगळी ताकद त्यातच आहे. खंडपीठाचं म्हणणं साधारण असं : क्षणभर धरून चालू की रक्त किंवा फेस दिसला होता. मग कुणी त्यांच्याशी बोललं का? हे कशामुळे होतंय, असं विचारलं का? तपासायला डॉक्टर बोलावला का? यातलं काहीही झालं नाही. त्या प्रवास करू शकतात की नाही याची खातरजमा न करता, तडकाफडकी उतरवण्याचा निर्णय झाला. यातून १९३७ च्या नियमांचा आणि २००८ च्या नियमावलीचा भंग झाला, आणि कंपनी निर्दयपणे वागली, असा निष्कर्ष निघाला.

म्हणजे कंपनीची कहाणी अक्षरशः खरी मानली तरी ती हरत होती. काळजीच होती म्हणता, मग काळजीतल्या माणसाने पहिला प्रश्न ज्याची काळजी वाटते त्यालाच विचारला असता. शेजारच्या सीटवरचा माणूस घामाघूम दिसला तर आपण ‘बरं वाटतंय ना?’ असंच म्हणतो, त्याचा बोर्डिंग पास तपासत नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईला हे वाचून नवल वाटणार नाही. दवाखान्यात डॉक्टर मुलगा समोर असताना ‘याला काय होतंय?’ असं आईला विचारतात, हॉटेलात वेटर ‘हे काय घेणार?’ असं सोबतच्याला विचारतो. विमानात सोबत कुणी नव्हतं, त्यामुळे विचारायला कर्मचाऱ्यांना कुणी उरलंच नाही.

एकटीची लढाई नव्हे

याचिकेत दोन अर्जदार होते. पहिल्या जीजा, दुसरी अडॅप्ट. संस्थेचंही नुकसान झालं होतं : परिषदेला आपल्या वक्त्या मिळाल्या नाहीत, आलेल्यांना त्यांचं विश्लेषण ऐकायला मिळालं नाही. हे याचिकेत तसं मांडलंही गेलं. पाठिंब्याचं पत्र देऊन संस्था बाजूला उभी राहिली असती तर एवढा जोर आला नसता.

आणखी एक शहाणपण : याचिका फक्त एका सकाळपुरती ठेवली नाही. इतर प्रवाशांचे अनुभव त्यात आणले. दृष्टिहीन आहे म्हणून एकाला तिकीट विकायलाच पुन्हा पुन्हा नकार मिळाला होता. एकाला कुबड्या घेऊन बसता येणार नाही असं सांगितलं गेलं होतं. एका महिलेकडून आधी हमीपत्रावर सही करून घेतली आणि चार पुरुष कर्मचारी तिला उचलून नेतील असं धमकावलं होतं. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळं अपंगत्व. हे एका कॅप्टनच्या स्वभावाचं प्रकरण आहे, असं म्हणायला मग जागा राहत नाही.

ग्राहक मंचात गेल्या असत्या तर कदाचित पैसे लवकर मिळाले असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात, केंद्र सरकारला आणि डीजीसीएला प्रतिवादी करून जाण्याचा फायदा वेगळा होता. नियमावलीच चर्चेला आली. खटला चालू असतानाच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने सहसचिव जी. अशोक कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २८ फेब्रुवारी २०१४ रोजी डीजीसीएने सुधारित नियमावली काढली. निकाल लागायच्या दोन वर्षं आधी याचिकेने निम्मं काम करून घेतलं होतं. समितीच्या काही शिफारशी मात्र तिच्यात उतरल्या नाहीत. आपली व्हीलचेअर विमानापर्यंत वापरू देणं, कृत्रिम पायाची तपासणी माणसाचा मान राखून करणं, अशा मुद्द्यांचा अधिकाऱ्यांनी पुन्हा विचार करावा, असं न्यायालयाने निकालात सुचवलं.

हे सगळं सांगताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. लीड्सची पदवी, नॅशनल ट्रस्टचं सदस्यत्व, मुंबईची पन्नाशीकडे निघालेली संस्था, दिल्लीतले वकील, एवढं पाठीशी असताना चार वर्षं लागली. नंदुरबारहून मुंबईला उपचारांसाठी निघालेल्या एखाद्याला बसच्या कंडक्टरने उतरवलं, तर त्याची याचिका कोण लिहिणार?

पुढे काय झालं

१९९५ च्या अपंग कायद्याच्या जागी नवा कायदा, म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, डिसेंबर २०१६ मध्ये संसदेत मंजूर झाला. निकालानंतर सात महिन्यांनी.

कृत्रिम अवयवांचा प्रश्न तसाच राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकून पंतप्रधानांनाच विनंती केली, की दर वेळी विमानतळावर मला कृत्रिम पाय काढायला लावू नका. विमानतळांची सुरक्षा सांभाळणाऱ्या सीआयएसएफने त्यानंतर दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, याच जीजा घोष प्रकरणातल्या पुढच्या सुनावणीत, कृत्रिम अवयव काढायला लावू नयेत आणि अपंग प्रवाशाला त्याच्या संमतीशिवाय उचलणं अमानुष आहे, असं म्हटलं.

आणि मग ७ मे २०२२, रांची. इंडिगोच्या हैदराबादच्या विमानात एका अपंग किशोराला चढू दिलं नाही. तो घाबरलेला, अस्वस्थ होता, इतर प्रवाशांना धोका होईल असं कर्मचाऱ्यांचं म्हणणं. सहप्रवाशांमध्ये डॉक्टर होते, ते मदतीला तयार होते, तरी नकार कायम राहिला. एका सहप्रवासी महिलेने सगळं समाजमाध्यमावर लिहिलं म्हणून देशाला कळलं. चौकशी झाली, डीजीसीएने कंपनीला ५ लाखांचा दंड केला. कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांनी खेद व्यक्त केला आणि मुलाला इलेक्ट्रिक व्हीलचेअर घेऊन देण्याची तयारी दाखवली. मनात वाईट हेतू नसेल. पण त्या कुटुंबाने तिकिटाचे पैसे भरले होते, त्यांना जायचं होतं हैदराबादला. हक्काच्या जागी भेटवस्तू येते ती अशी.

त्यानंतर जुलै २०२२ मध्ये नियमावलीत जी दुरुस्ती झाली ती जीजांच्या निकालातल्या त्या प्रश्नांचंच नियमात झालेलं रूपांतर वाटते. अपंगत्वाच्या कारणावरून कंपनी प्रवास नाकारू शकत नाही. उड्डाणात प्रवाशाची तब्येत बिघडेल असं वाटलं तर विमानतळावरच डॉक्टरकडून तपासणी करायची, प्रवास करता येईल की नाही यावर डॉक्टरचं स्पष्ट मत घ्यायचं, आणि तरीही नकार द्यायचा झाला तर कारणांसकट तो लगेच लेखी द्यायचा. २०१६ मध्ये न्यायालयाने ‘डॉक्टर का बोलावला नाही?’ असं विचारलं होतं. ते नियमात यायला सहा वर्षं आणि एक मुलगा लागला.

गेटवर वेळ आलीच तर वाद घालत बसण्यापेक्षा दोन मागण्या पुरेशा आहेत : डॉक्टरला बोलवा, आणि नकार लेखी द्या. ज्यांचं बोलणं अनोळखी माणसाला पटकन समजत नाही त्यांनी ही दोन वाक्यं इंग्रजी, हिंदी आणि मराठीत छापून जवळ ठेवावीत, किंवा फोनमध्ये टाइप करून फोनलाच वाचायला लावावीत. मदत हवी असेल तर प्रवासाच्या ४८ तास आधी कंपनीला ई-मेलने कळवावं आणि त्याची पोच जपून ठेवावी. फोनवर सांगितलेलं नंतर सिद्ध करता येत नाही, आणि ‘कळवलंच नव्हतं’ हा बचाव पुन्हा येणारच. अंमलदारांची नावं, वेळ, गेट क्रमांक, साक्षीदार सहप्रवाशाचा फोन नंबर हे तिथल्या तिथे लिहून घ्यावं. तक्रार डीजीसीएकडे आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर करता येते. २०१६ च्या कायद्याखाली दिल्लीत दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे आणि महाराष्ट्रातल्या प्रवाशाला पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही जाता येतं. कायद्याच्या कलम ८९ मधला दंड पहिल्या वेळी जास्तीत जास्त १० हजार आहे, पुढच्या भंगाला ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. मोठ्या कंपनीला पहिला आकडा चिल्लर वाटेल, म्हणून तक्रारीत भरपाईसोबत कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची मागणीही लिहावी आणि जमलं तर अर्जदार म्हणून एखाद्या संस्थेचं नाव आपल्या नावाखाली घालावं.